वारा लागलेली वाइन

फ्रान्सच्या ईशान्येला, मार्न नदीच्या काठी एक गाव आहे. त्याचं नाव लिहायला दोनच अक्षरं लागतात आणि त्याचा उच्चार होतो 'आई'. मराठी कानाला ते नाव पहिल्यांदा ऐकताना थबकायला होतं. अर्थाचा काही संबंध नाही, हे माहीत असूनही होतं. गावाच्या पाठीशी दक्षिणेकडे तोंड करून बसलेली खडूच्या दगडाची टेकडी, टेकडीवर द्राक्षवेलींच्या ओळी, पायथ्याशी नदी आणि घरांच्या पोटात लांबच लांब तळघरं. शॅम्पेन या प्रदेशातल्या सर्वांत नावाजलेल्या गावांत आईची गणना होते. इथल्या काळ्या 'पिनो न्वार' द्राक्षाला शतकानुशतकं मान आहे.

या गावात बोलिंजर नावाचं एक वाइनघर आहे. फ्रेंच लोक त्याला 'बोलँजे' म्हणतात. २०१० साली त्याच्या तळघरात, रिकाम्या बाटल्यांच्या एका भिंतीमागे, काम शिकायला आलेल्या एका उमेदवाराला विसरलेला साठा सापडला. धूळ आणि बुरशीखाली भरलेल्या बाटल्या होत्या. त्यांतली सर्वांत जुनी वाइन १८३० सालची निघाली. घराची स्थापनाच १८२९ची. म्हणजे या घराच्या अगदी सुरुवातीच्या हंगामातली द्राक्षं पावणेदोनशेहून अधिक वर्षं एका बुचाच्या भरवशावर अंधारात थांबून होती.

बूच ही साधी गोष्ट. ओक जातीच्या एका झाडाच्या सालीचा तुकडा. तो बाटली बंद करतो, पण पुरती बंद करत नाही. त्याच्यातून हवेचा अगदी सूक्ष्म अंश वर्षानुवर्षं आत जात राहतो. आपल्याकडे एखाद्या मुलाला फार जपलं, तर 'वाराही लागू दिला नाही' असं म्हणतात. आजच्या वाइनच्या कारखान्यांत द्राक्षरसाला जवळजवळ तसंच वाढवतात: पोलादाच्या टाक्या, थंड तापमान आणि हवेचा स्पर्श होऊ नये म्हणून वर पसरलेला निष्क्रिय वायू. त्यातून लिंबासारखी, पांढऱ्या फुलांसारखी स्वच्छ, तजेलदार शॅम्पेन तयार होते आणि तिचंही मोल मोठं आहे. बोलिंजरनं मात्र दुसरी वाट धरली. या घराची वाइन वारा लागलेली आहे. किती लागू द्यायचा आणि कधी, याचा विचार तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिच्या स्वभावाचं मूळ तिथेच शोधावं लागतं.

सुरुवात तीन माणसांची. अथनाझ द व्हिलरमाँ या सरदाराकडे आईच्या परिसरात वारशानं आलेली जमीन होती, पण उमराव घराण्यातल्या माणसानं आपलं नाव व्यापाराला देणं त्या काळी शोभत नसे. जर्मनीतल्या वुर्टेंबर्गहून आलेला जाक बोलिंजर हा विक्रीत मुरलेला तरुण होता. तिसरा पॉल रनोदँ. बाटलीवर नाव आलं ते रनोदँ आणि बोलिंजर यांचं. जमीनदाराचं नाव नव्हतं. पुढे १८३७ मध्ये जाकचं लग्न व्हिलरमाँच्या मुलीशी झालं आणि जमीन व नाव एकाच घरात आली. ती जमीन आजही या घराचा कणा आहे. शॅम्पेनमधली बहुतेक मोठी घरं आपली द्राक्षं मुख्यतः शेतकऱ्यांकडून विकत घेतात. बोलिंजरकडे सुमारे १८० हेक्टर द्राक्षबाग आहे आणि गरजेच्या निम्म्याहून जास्त फळ घरचंच असतं. त्यात पिनो न्वारचा वाटा सर्वांत मोठा.

१९११ हे साल या गावाला विसरता येणार नाही. आदल्या वर्षीचं पीक हवामानानं आणि रोगानं धुऊन नेलं होतं. शेतकरी कर्जात होते, आणि काही व्यापारी बाहेरच्या प्रदेशातून स्वस्त रस आणून त्यावर शॅम्पेनचं नाव चढवत होते. कोणत्या जिल्ह्याला हे नाव वापरता येईल, यावरून राजकारण पेटलेलं होतं. एप्रिलमध्ये संताप रस्त्यावर आला. आईमध्ये व्यापाऱ्यांची घरं आणि गोदामं जाळली गेली, गटारांतून वाइन वाहिली, सैन्य बोलवावं लागलं. जळालेल्यांत आयाला हे प्रसिद्ध घरही होतं. त्याच आयालाला जवळजवळ शंभर वर्षांनी, २००५ मध्ये, शेजारच्या बोलिंजरनं विकत घेतलं. ज्या नावासाठी १९११ मध्ये आगी लागल्या, त्या नावाला पुढे कायद्याचं कुंपण मिळालं. आज त्या सीमेबाहेर बनलेल्या फसफसत्या वाइनला बहुतेक देशांत शॅम्पेन म्हणता येत नाही.

याच १९११ सालापासून बोलिंजरची रोजची, मुख्य शॅम्पेन 'स्पेशल क्युव्हे' या नावानं ओळखली जाऊ लागली. नावातला पहिला शब्द इंग्रजी, कारण गिऱ्हाईक इंग्रज होतं. १८८४ मध्येच राणी व्हिक्टोरियाच्या दरबारानं या घराला पुरवठादार म्हणून मान्यता दिली होती. पुढच्या काळात जेम्स बाँडच्या पडद्यावरच्या ग्लासातही याच घराची शॅम्पेन आली. जगभर नाव पोचवायला त्याची मदत झाली, पण तळघरातलं काम त्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेलं होतं.

ते काम लाकडी पिंपांपासून सुरू होतं. तळघरात ओकची तीन हजारांहून अधिक छोटी पिंपं आहेत. बहुतेकांत दोनशे लिटरच्या आसपास वाइन मावते. ती नवी नसतात. बरगंडी या दुसऱ्या वाइनप्रदेशात काही वर्षं वापरून झालेली पिंपं इथे येतात, कारण या घराला लाकडाचा वास नको असतो. नवं लाकूड व्हॅनिलाची, धुराची चव देतं आणि द्राक्ष झाकून टाकतं. जुनं लाकूड फक्त श्वास घेऊ देतं. एखाद्या वर्षाच्या निवडक द्राक्षांची म्हणून जी वाइन बाटलीत जाणार असते, तिचं पहिलं किण्वन सगळंच्या सगळं या पिंपांत होतं. ज्या वयात वाइनला हवेपासून सर्वांत जास्त जपतात, त्याच वयात तिला इथे हवेची ओळख करून दिली जाते. रसातले जे घटक पुढे कधीतरी हवेमुळे बिघडायचे, ते सुरुवातीलाच हवेशी झगडून बाजूला पडतात. उरते ती वाइन पुढे बाटलीत कित्येक वर्षं टिकते.

पिंपं म्हातारी असतात, त्यामुळे गळतात. फळी तडकते, लोखंडी पट्टा सैल होतो. म्हणून बोलिंजरनं स्वतःचा पिंपकार पदरी ठेवला आहे. शॅम्पेनमध्ये ही गोष्ट आता अगदी दुर्मीळ आहे. त्याच्या कोपऱ्यात हातोडीचा आवाज चालू असतो, फळ्या उकलल्या जातात, पुन्हा जुळवल्या जातात. पोलादाची टाकी धुतली की काम संपतं. पिंपाला वास घेऊन ओळखावं लागतं. हे शहाणपण वहीत मावत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि मधली एखादी पिढी चुकली तर संपतं.

दुसरी सवय त्याहून खर्चिक. शॅम्पेनचं हवामान लहरी. एखाद्या वर्षी ऊन कमी पडतं, एखाद्या वर्षी हिमदव घात करतं. म्हणून दरवर्षीच्या नव्या वाइनमध्ये मागच्या वर्षांची राखून ठेवलेली वाइन मिसळतात, म्हणजे घराची चव ढळत नाही. बहुतेक ठिकाणी ही राखीव वाइन मोठ्या टाक्यांत असते. बोलिंजर तिचा मोठा ठेवा दीड लिटरच्या बाटल्यांत, म्हणजे मॅग्नममध्ये, भरून ठेवतं. त्यात किंचित साखर आणि यीस्ट घालतात. त्यामुळे हलकासा वायू तयार होतो आणि वाइनचं रक्षण करतो. वर खरं बूच. अशा सहा लाखांहून अधिक मॅग्नम गावाखालच्या अंधारात पडून असतात. गावानुसार, द्राक्षानुसार, वर्षानुसार त्या वेगळ्या लावलेल्या असतात. काही पाच वर्षं थांबतात, काही पंधरा. स्पेशल क्युव्हेची जुळणी करायची वेळ आली की त्यांतल्या हजारो बाटल्या हातानं उघडाव्या लागतात.

आपल्या घरांतल्या बरण्या आठवाव्यात. कैरीचं लोणचं पहिल्या आठवड्यात नुसतं तिखट आणि आंबट असतं. मग तेल, मीठ, मोहरी आणि फोडी एकमेकांत शिरतात आणि आजी झाकण उघडून म्हणते, 'आता मुरलं.' मराठीतलं 'मुरणं' हे क्रियापद बोलिंजरच्या राखीव वाइनला नेमकं लागू पडतं. ताज्या द्राक्षाची चव ओसरते आणि तिच्या जागी काहीतरी खोल, खारवलेलं, गोडसर येतं. ही चव लगेच कळत नाही. तिच्यापाशी जरा बसावं लागतं.

ग्लासात ओतल्यावर हे सगळं एकत्र भेटतं. रंग बहुतेक शॅम्पेनपेक्षा गडद, जुन्या सोन्याकडे झुकणारा. बुडबुडे बारीक. पहिला वास पिकलेल्या सफरचंदाचा आणि पेअरचा, त्यामागून भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा, मग भाजलेल्या अक्रोडाचा. पहिल्या घोटाला पिनो न्वारचं अंग जाणवतं, भरदार आणि ताठ. शेवटी जिभेच्या कडेला खडूचा कोरडेपणा आणि लख्ख आंबटपणा राहतो. वाइन जडावत नाही ती त्यामुळेच. स्पेशल क्युव्हेमध्ये साधारण ६० टक्के पिनो न्वार, २५ टक्के शार्दोने आणि १५ टक्के मनिये हे द्राक्ष असतं. ती उंच, अरुंद ग्लासात घेतली तर तिची अर्धी गोष्ट आतच अडकते. जरा पसरट ग्लास घ्यावा, फार थंड करू नये आणि तिला तिथेही थोडा वारा लागू द्यावा.

या घराचा विचार एलिझाबेथ बोलिंजर यांच्याशिवाय पुरा होत नाही. सगळे त्यांना लिली म्हणत. त्यांचा जन्म १८९९चा, लॉ द लॉरिस्ताँ या घराण्यातला. हे मूळचं स्कॉटलंडचं घराणं भारताला अनोळखी नाही. त्यातले जाँ लॉ अठराव्या शतकात पुदुच्चेरीचे फ्रेंच गव्हर्नर होते, आणि त्यांचा तिथे जन्मलेला मुलगा पुढे फ्रान्सचा मार्शल झाला. लिलींचं १९२३ मध्ये जाक बोलिंजर यांच्याशी लग्न झालं. हे जाक संस्थापकाचे नातू आणि गावाचे महापौर. १९४१ मध्ये ते गेले. फ्रान्स जर्मन ताब्यात होता, बर्लिनहून नेमलेला अधिकारी शॅम्पेनच्या घरांकडून लाखोंच्या हिशेबात बाटल्या वसूल करत होता, कामाला माणसं नव्हती, गाडीला पेट्रोल नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या, मूलबाळ नसलेल्या या बाईंनी घर हाती घेतलं आणि सायकलवर बसून बागा पाहायला सुरुवात केली.

युद्ध संपलं, पेट्रोल आलं, तरी सायकल सुटली नाही. लांब झगा घालून वेलींच्या मधल्या वाटेनं सायकल नेणाऱ्या लिलींचं छायाचित्र आज घराची ओळख झालं आहे. त्यामागची गोष्ट छायाचित्रापेक्षा मोठी आहे. गाडीच्या काचेतून बाग दिसते, पण पानाच्या मागची कीड दिसत नाही आणि कामगाराशी दोन शब्द बोलणं होत नाही. तीस वर्षं, १९७१ पर्यंत, लिली यांनी हे घर असं जमिनीच्या उंचीवरून चालवलं.

त्यांची सर्वांत धाडसी कल्पना १९६७ मध्ये बाजारात आली. शॅम्पेनच्या बाटलीत दुसरं किण्वन होतं तेव्हा बुडबुडे तयार होतात आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सहापटीपर्यंत चढतो. काम संपलं की यीस्ट मरून तळाशी बसतं. हा गाळ टाकाऊ नसतो. तो हळूहळू विरघळत वाइनला पावाची, बदामाची खोली देतो आणि हवेपासून तिचं रक्षणही करतो. गाळ काढला की ते रक्षण संपतं आणि वाइन झपाट्यानं वयात येऊ लागते. लिलींनी विचार केला, की बाटली गाळासकट फार उशिरापर्यंत ठेवली आणि विकायच्या थोडं आधी गाळ काढला, तर? १९५२ सालची वाइन अशी पंधरा वर्षांनी बाहेर आली. तिला नाव दिलं 'आर. डी.', म्हणजे 'नुकताच गाळ काढलेली'. वाइन म्हातारी आणि चव ताजी, असा हा मेळ लोकांना नवा होता. गाळ कधी काढला ती तारीख आर. डी.च्या बाटलीवर छापलेली असते. वारा नेमका कोणत्या दिवशी लागला, त्याची ती नोंद.

लिली यांच्याच काळात आणखी एक गोष्ट जपली गेली. ती समजायला नाशिक किंवा सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला फार सांगावं लागणार नाही. आपल्याकडे पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन यांवर उपाय म्हणून डॉगरिजसारख्या अमेरिकन वंशाच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात. वर थॉमसन किंवा सोनाका, खाली परकं मूळ. युरोपात खुंट आला तो वेगळ्या संकटामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं मुळं खाऊन जवळजवळ सगळ्या युरोपच्या बागा संपवल्या. अमेरिकन मुळांना ही कीड मारत नाही, म्हणून सगळे वेल त्या खुंटांवर बांधले गेले. आईमध्ये बोलिंजरच्या कुंपणातले दोन लहान तुकडे आणि शेजारच्या बुझी गावातला एक तुकडा मात्र स्वतःच्याच मुळांवर उभा राहिला.

तिथे वेल ओळीत नसतात, दाटीवाटीनं वाढतात. जुनी फांदी जमिनीत दाबायची, तिला मुळं फुटली की तोच नवा वेल. आपण याला दाब कलम म्हणतो. दरवर्षी वेल थोडा पुढे सरकतो, त्यामुळे बाग जागच्या जागी चालत राहते. यंत्र आत शिरू शकत नाही. घोडा आणि माणसाचे हात, एवढंच. १९६९ च्या द्राक्षांपासून या तुकड्यांची वाइन वेगळी बाटलीत भरू लागले, 'व्हिएय व्हिन्य फ्राँसेझ' म्हणजे 'जुने फ्रेंच वेल' या नावानं. आणि मग २००४ च्या सुमारास किडीनं बुझीचा तुकडा गाठला. जवळजवळ शंभर वर्षं निसटत आलेले ते वेल गेले. आईचे दोन तुकडे तेवढे उरले. दोन्ही मिळून एकरभरही भरत नाहीत. उघड्यावर ठेवलेली गोष्ट कधी ना कधी हातची जाऊ शकते, हे घराला माहीत आहे. तरीही त्या दोन तुकड्यांत दर हिवाळ्यात फांद्या जमिनीत दाबल्या जातात.

महाराष्ट्राचा शॅम्पेन बनवण्याच्या पद्धतीशी संबंध जुना आहे. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला पाइपर-हाइडसिक या शॅम्पेनच्या घराची तांत्रिक मदत घेऊन बाटलीत फसफसणारी वाइन बनवली आणि 'ओमर खय्याम' या नावानं ती परदेशात पाठवली. पुढे दिंडोरीच्या परिसरात शाँदों ही फ्रेंच कंपनी आली. बाटलीत दुसरं किण्वन, मग गाळ मानेकडे सरकवणं आणि काढणं, ही क्रमवारी तीच. मात्र जमीन खडूची नाही, छाटणी वर्षातून दोनदा, आणि तोडणी हिवाळ्याच्या शेवटी. नाव वेगळं असणंच मग रास्त वाटतं.

हवा आता बाहेरूनही बदलते आहे. २००३ च्या एप्रिलमध्ये हिमदवानं शॅम्पेनमधलं शार्दोने मारलं आणि त्याच उन्हाळ्यात युरोप होरपळला. तोडणी सप्टेंबरची वाट न पाहता ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली. वाइन झाली, पण ती या घराच्या नेहमीच्या वळणाची नव्हती. निवडक वर्षांसाठी राखलेलं 'ला ग्राँद आने' हे मानाचं नाव बोलिंजरनं तिला दिलं नाही. तिला फेकूनही दिलं नाही. '२००३ बाय बोलिंजर' असं निराळं नाव देऊन, ती जशी होती तशी लोकांपुढे ठेवली. १९९२ मध्ये या घरानं आपण काय करतो आणि काय करत नाही याची लेखी सनद जाहीर केली होती. तिचा अर्थ एका अवघड वर्षानं उकलून दाखवला.

ला ग्राँद आने आणि आर. डी. या वाइन तळघरात मुरत असताना त्यांच्या तोंडावर पत्र्याचं झाकण नसतं. तिथेही खरं बूच आणि ते दाबून धरणारी लोखंडी पकड असते. त्यामुळे गाळ काढायला यंत्र चालत नाही. कामगार बाटली उलटी हातात धरतो, मानेत साठलेला गाळ दिव्यासमोर पाहतो, पकड सोडवतो, बूच ढिलं करतो आणि नेमक्या क्षणी बाटली वर फिरवतो. दाबानं बूच आणि गाळ उडून जातात, तो अंगठ्यानं तोंड झाकतो. मग प्रत्येक बाटलीचं तोंड नाकापाशी नेऊन एक श्वास घेतो. बुचानं दगा दिला असेल तर ती बाटली तिथेच बाजूला जाते. चांगली असेल तर त्याच वाइननं आणि चिमूटभर साखरेनं उणीव भरून काढायची, नवं बूच बसवायचं आणि हात पुढच्या बाटलीकडे न्यायचा.